नऊ चौरस मीटरचे संस्थान

व्यापारी प्रदर्शनातला सगळ्यात लहान गाळा सहसा तीन मीटर बाय तीन मीटरचा असतो. भाडे भरले की आयोजक त्यात तीन बाजूंना पांढरी पार्टिशने, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन स्पॉटलाइट, एक प्लग पॉइंट, एक कचऱ्याची टोपली आणि दर्शनी भागावर कंपनीच्या नावाची पट्टी एवढा सरंजाम देतात. नावात एखादे अक्षर चुकलेले असते आणि ते दुरुस्त होईपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. पुढचे तीन-चार दिवस हे नऊ चौरस मीटरचे संस्थान चालवायला कंपनी दोन माणसे पाठवते. यंत्र कोणते मांडायचे यावर सहा महिने बैठका झालेल्या असतात. माणसे कोणती पाठवायची हे आदल्या आठवड्यात ठरते, आणि ज्यांच्या टेबलावर काम कमी दिसते त्यांची नावे आपोआप पुढे येतात.

संस्थानाच्या ऱ्हासाची सुरुवात खुर्चीपासून होते. पहिल्या दिवशी सकाळी दहा वाजता दोघेही उभे असतात. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बॅज, चेहऱ्यावर उद्घाटनाची टवटवी. बारा वाजता त्यांतला एक ‘जरा’ बसतो. दोन वाजता दुसरा त्याला सोबत म्हणून बसतो. चारपर्यंत दोघे टेबलामागे इतके स्थिरावतात, की समोरून जाणाऱ्याला वाटावे, इथे काही विचारायचे तर आधी अर्ज करावा लागेल. मग मोबाइल निघतो. प्रदर्शनाला आलेला माणूस मुळात संकोची. त्याला यंत्राविषयी विचारायचे असते, पण मान खाली घालून बसलेल्या गृहस्थाला उठवायचे त्याच्या जिवावर येते. तो क्षणभर रेंगाळतो, टेबलावरचे एक ब्रोशर उचलतो आणि शेजारच्या स्टॉलवर जातो. संध्याकाळी हेच दोघे साहेबांना फोनवर कळवतात, “सर, यंदा गर्दी आहे, पण क्वालिटी क्राउड नाही.”

गोरेगावच्या नेस्को मैदानावर वर्षानुवर्षे स्टॉल लावणारे जुनेजाणते लोक हे ओळखून असतात. पहिल्याच सकाळी ते पुढचे टेबल उचलून बाजूच्या भिंतीला लावतात, म्हणजे पाहुणा आणि यंत्र यांच्यामध्ये कुंपण उरत नाही. एक खुर्ची पार्टिशनमागे जाते, दुसरी पाहुण्यासाठी राहते. त्यांच्या कडक पँटखाली पाहिले तर पायात मऊ तळव्याचे स्पोर्ट्‌स शूज असतात. सिमेंटच्या जमिनीवर अंथरलेला तो पातळ गालिचा केवळ शोभेचा असतो, हे त्यांच्या पोटऱ्यांना केव्हाच कळलेले असते. नव्याने आलेला सेल्स एक्झिक्युटिव्ह मात्र लग्नातले चकचकीत बूट घालून येतो आणि तिसऱ्या दिवशी अनवाणी पाय टेबलाखाली लपवून व्यवसायवृद्धी साधतो.

बसणाऱ्यांच्या उलट टोकाला झडप घालणारे असतात. हे स्टॉलच्या कडेला उभे राहून वाटेकडे डोळे लावतात. पाहुण्याची नजर चुकून बोर्डाकडे गेली, की “सर, फक्त दोन मिनिटं!” म्हणत कॅटलॉग त्याच्या छातीला टेकवतात. दोन मिनिटांची पंधरा होतात. पाहुणा मान डोलावतो, कार्ड देतो, आणि त्यानंतर दिवसभर त्या रांगेत पाऊल टाकत नाही. या दोन प्रकारांच्या मधोमध “काय पाहिजे?” असे विचारणारे. या प्रश्नाला मराठी माणसाचे एकच उत्तर असते: “काही नाही, असंच बघतोय.” संवाद तिथेच संपतो. तेच “हे काम सध्या तुमच्याकडे कशावर करता?” असे विचारले, तर समोरचा आपल्या जुन्या यंत्राविषयी तक्रारींचा पाढा वाचू लागतो आणि विक्रेत्याला पुढे काय बोलायचे ते आयते कळते. कितीही अबोल माणूस असो, स्वतःच्या बिघडलेल्या पंपाविषयी तो सविस्तर बोलतो.

स्टॉलवरच्या माणसाची खरी परीक्षा पाहायची तर डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला भरणारे ‘किसान’ प्रदर्शन गाठावे. गावागावांतून जीप भरभरून माणसे येतात. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, सोबत मोबाइलवर व्हिडिओ काढणारा पुतण्या. ही मंडळी यंत्र नुसते पाहत नाहीत. ती त्याला हात घालतात, नट हलवून बघतात, पत्र्यावर नख वाजवतात, वाकून खालची बाजू तपासतात. आणि समोर असतो एमबीए झालेला, निळ्या ब्लेझरमधला तरुण.

“हे पातं झिजलं तर मिळंल कुठं?” काका विचारतात.

“सर, आमच्या वेबसाइटवर डीलर लोकेटर आहे.”

“ते असंल. बार्शीत मिळंल का?”

तरुण टॅबलेटवर बार्शी शोधू लागतो. तेवढ्यात दुसरा प्रश्न येतो: “एकरी डिझेल किती खातंय?” यंत्र आयएसओ प्रमाणित आहे, चार शहरांत सर्व्हिस सेंटर आहे, कंपनीचे ‘व्हिजन’ काय आहे, हे सगळे त्याला पाठ असते. एकरी डिझेल मात्र चहाला गेलेल्या सहकाऱ्याला ठाऊक असते. सहकारी परत येईपर्यंत काका तीन स्टॉल पुढे गेलेले असतात. पुतण्या मात्र मागे थांबतो. त्याला ब्लेझर कुठून घेतला ते विचारायचे असते.

या चौकसपणाला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवले, तेव्हा लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि नांगर बराच काळ कारखान्यातच पडून राहिले. १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या या माणसाची चिकाटी ग्राहकाच्या शंकेपेक्षा लांब होती, म्हणून तो टिकला. त्या शंकेखोर शेतकऱ्याची नातवंडे-पतवंडे आज मोशीला येतात. त्यांना पॉवरपॉइंट दाखवून भागत नाही.

शहाण्या कंपन्या आता ब्लेझरवाल्याबरोबर वर्कशॉपमधला एक मिस्त्री आणतात. तो पहिल्या दिवशी बुजतो, कारण कंपनीने दिलेला पांढरा टी-शर्ट मळेल याची त्याला धास्ती असते. मग कोणीतरी गिअरबॉक्सविषयी विचारतो. मिस्त्री टी-शर्ट विसरतो, यंत्राखाली झोपतो आणि आतून ओरडून सांगतो, “ह्ये बघा, हितनं ऑइल बदलायचं, मेकॅनिक बोलवायची गरज न्हाई!” पाच मिनिटांत वीसेक माणसे गोळा होतात, त्यांतली दोन त्याच्या शेजारी आडवी होतात. ब्लेझरवाला गर्दीच्या बाहेर उभा राहून ब्रोशर वाटत राहतो.

अशा कर्मचाऱ्यांचा मूळपुरुष शोधायचा तर १८५१ सालच्या लंडनला जावे लागते. हाइड पार्कमध्ये काचेचा महाल उभारून तिथे महाप्रदर्शन भरवले होते. साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर लोकांनी ते पाहिले. वस्तूंवर किंमत लावायला तिथे बंदी होती, म्हणजे स्टॉलवरच्या माणसाचा सर्वांत सोपा आधारच काढून घेतलेला. अमेरिकेतल्या ‘डे अँड न्यूएल’ या कुलूप कंपनीने आपले कुलूप घेऊन आल्फ्रेड हॉब्ज नावाचा विक्रेता पाठवला होता. त्याने कुलपाशेजारी उभे राहून त्याची तारीफ करावी, एवढीच अपेक्षा. हॉब्जने वेगळाच उद्योग आरंभला. तो इंग्रजांची नामांकित कुलपे उघडू लागला.

पहिला मान चब कंपनीच्या ‘डिटेक्टर’ला मिळाला. कोणी भलतीच किल्ली फिरवली तर हे कुलूप अडकून बसे आणि मालकाला चोरीचा प्रयत्न कळे. हॉब्जने ते साक्षीदारांसमोर सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले आणि सभ्य गृहस्थाप्रमाणे पुन्हा लावूनही दाखवले. मग तो ब्रामा कंपनीकडे वळला. त्यांच्या पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत साठ वर्षे एक कुलूप टांगलेले होते: हे किल्लीशिवाय उघडणारे हत्यार जो बनवील त्याला २०० गिनी. हॉब्ज सोळा दिवसांत मिळून ५१ तास त्याच्याशी झगडला आणि ते उघडले. कंपनीने बरीच कुरकुर केली, पण २०० गिनी मोजल्या. वर्तमानपत्रांत गहजब झाला. सुरक्षित तिजोरीवर निवांत झोपणाऱ्या इंग्रज धनिकांची झोप उडाली. हॉब्जच्या कंपनीला जाहिरातीवर वेगळा पैसा खर्चावा लागला नाही. पुढे त्याने लंडनमध्येच स्वतःचा कुलपांचा कारखाना काढला. (काही वर्षांनी डे अँड न्यूएलचे कुलूपही लायनस येल ज्युनिअर याने उघडून दाखवले. कुलपाच्या धंद्यात कोणी फार काळ हसत नाही.)

आजच्या प्रदर्शनात कोणी शेजारच्या स्टॉलवर जाऊन त्यांचे यंत्र बंद पाडून दाखवू लागला, तर आयोजक त्याला सुरक्षारक्षकाकरवी बाहेर काढतील. पण हॉब्जकडे जे होते ते हल्लीच्या स्टॉलवर दुर्मीळ झाले आहे. त्याला आपला माल हातांनी कळत होता.

याच महाप्रदर्शनाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली आणि तिचे श्रेय जॉर्ज जेनिंग्ज या प्लंबरला जाते. त्याने काचेच्या महालात एक पेनी दराने स्वच्छतागृहे चालवली, आणि ८,२७,२८० लोकांनी पैसे मोजून त्यांचा लाभ घेतला. आजही स्टॉलवर उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारा, दालनात शिरल्यावर तो सर्वप्रथम काय शोधतो. स्त्री कर्मचारी तर दिवसभराचे पाणी या एका माहितीवर बेतून पितात. कंपन्यांच्या ‘स्टॉलवर कसे वागावे’ या चकचकीत पुस्तिकांत हास्यापासून हस्तांदोलनापर्यंत सगळ्यावर एकेक पान असते. पाळीपाळीने सुटी घेण्यासाठी तिसरा माणूस द्यावा, हे मात्र कुठेच छापलेले नसते. एकाच माणसाला दहा ते सात उभे करून त्याच्याकडून संध्याकाळी सहा वाजता सकाळचे हास्य मागणे हा व्यवस्थापनशास्त्राचा आवडता खेळ आहे.

पोशाखाचा प्रश्न मात्र जगभर चर्चिला गेला आहे. मोटारींच्या प्रदर्शनांत गाडीशेजारी तोकड्या कपड्यांतल्या तरुणी उभ्या करण्याची रीत फार जुनी. २०१५ साली शांघायच्या मोटार प्रदर्शनाने अशा मॉडेलना बंदी केली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आरएसए’ या संगणक-सुरक्षा परिषदेनेही प्रदर्शकांच्या करारात कर्मचाऱ्यांच्या पोशाखाचे कलम घातले आणि ते स्त्री-पुरुष सर्वांना लागू केले. काय चालणार नाही याची यादीच दिली होती. संगणकाच्या सुरक्षेची उपकरणे विकणाऱ्यांना बनियनवजा कपडे आणि लायक्राचे अंगाला चिकटलेले पोशाख घालू नका असे लेखी कळवावे लागले, म्हणजे आधी काय चालत असेल याची कल्पना करता येते.

आपल्याकडे याचे सोज्वळ रूप दिसते. स्टॉलच्या तोंडाशी नऊवारी नेसलेल्या, फेटा बांधलेल्या दोन मुली गुलाबपाणी शिंपडत उभ्या असतात. एजन्सीने त्यांना दिवसाच्या बोलीवर पाठवलेले असते. पाहुणा त्यांना भाबडेपणाने विचारतो, “हा पंप किती एचपीचा?” त्या गोड हसून म्हणतात, “आत सर आहेत.” आत सर नसतात. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. त्यांना गुलाबपाण्याविषयी विचारले तर त्या नक्की सांगतील.

मग मालकाने स्वतःच उभे राहावे का? उदाहरणे तर भारदस्त आहेत. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच चढवलेल्या फळीवर स्वतः उभा राहिला आणि त्याने वरचा दोर तोडायला सांगितला. फळी थोडी घसरून थांबली. त्याची सुरक्षित लिफ्ट लोकांना तिथल्या तिथे पटली. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत रतन टाटा स्वतः नॅनो चालवत मंचावर आले. मात्र भोसरीतला एखादा कारखानदार स्टॉलवर आला, की पहिला अर्धा तास भाड्याच्या शेडमध्ये एका लेथवर धंदा कसा सुरू झाला हे सांगण्यात जातो. पाहुण्याला डिलिव्हरी किती दिवसांत मिळेल एवढेच हवे असते. कर्मचारी उत्तर द्यायला तोंड उघडतो, तर मालक म्हणतात, “थांब, मी सांगतो,” आणि कथा १९९२ सालात शिरते.

पाहुणा कोण, हे बॅजवरून ओळखण्याची एक खास विद्या स्टॉलवर जोपासली जाते. बोलणाऱ्याची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावरून सरकत बॅजवर जाते. तिथे ‘डायरेक्टर’ वाचले की पाण्याची बाटली निघते, ‘स्टुडंट’ वाचले की नजर लांब कुठेतरी हरवते. या विद्येच्या उपासकांनी २५ जून १८७६ चा रविवार आठवावा. फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अलेक्झांडर ग्रॅहम बेल हा २९ वर्षांचा शिक्षक आपला टेलिफोन घेऊन शैक्षणिक विभागाच्या एका कोपऱ्यात उभा होता. त्याला यायचेच नव्हते. वाग्दत्त वधू मेबलने त्याला जवळजवळ ढकलून गाडीत बसवले होते. दिवस उकाड्याचा, परीक्षक घामाघूम. त्याच्यापर्यंत येण्याआधीच ते काम आटोपते घेऊ लागले. पण त्यांच्याबरोबर ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो होते. काही आठवड्यांपूर्वी बोस्टनमध्ये ते कर्णबधिरांना शिकवणाऱ्या बेलला भेटले होते. त्यांनी त्याला ओळखले, थांबले, आणि सम्राट थांबल्यावर परीक्षकांनाही थांबावे लागले. थोड्या वेळाने सम्राट कानाला यंत्र लावून थक्क होऊन उभे होते. बोस्टनला बेलने त्यांच्याकडे दुर्लक्ष केले असते तर? अर्थात तिथे ते सम्राट म्हणूनच आले होते. आपल्या स्टॉलवर येणारे सम्राट चपला घालून, हातात वडापाव घेऊन येतात. अडचण तिथे आहे.

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’मध्ये बचत गटांच्या स्टॉलवर थोडा वेळ थांबावे. तिथे कोणाला सॉफ्ट स्किल्सचे प्रशिक्षण मिळालेले नसते, तरी गर्दी हटत नाही. खानदेशातली एखादी मावशी पुरणाचा उंडा हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवते आणि तो मांडा उलट्या खापरावर असा टाकते, की मोबाइल धरलेले तीस हात एकदम वर जातात. शेजारची ताई चटणीची चिमूट सरळ पाहुण्याच्या तळहातावर ठेवते. “घ्या तर आधी, मग बोला.” तळहातावर चटणी आल्यावर माणूस निघून जाऊ शकत नाही. त्याला ती चाटावी लागते, तोंड पुसावे लागते, अभिप्राय द्यावा लागतो. तोवर पाव किलोची पिशवी बांधून तयार असते. याउलट कॉर्पोरेट स्टॉलवर खाणे म्हणजे सव्वाला उघडलेला डबा. छोले संपूर्ण दालनात दरवळतात, आणि पाहुणा आत डोकावला की दोघेही भरल्या तोंडाने “या, या” करतात. तो दचकून “चालू द्या” म्हणतो.

फुकट वस्तू वाटून गर्दी जमवण्याची युक्ती हेन्‌री हाइन्झ यांनी १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात यशस्वी केली. त्यांची लोणची आणि सॉस वरच्या सज्जात मांडले होते, आणि पायऱ्या चढायला कोणी तयार नव्हते. त्यांनी मुलांकरवी खाली चिठ्ठ्या वाटल्या: ही दाखवा आणि हाइन्झच्या स्टॉलवर भेटवस्तू मिळवा. भेटवस्तू होती काकडीच्या लोणच्याच्या आकाराचा चिमुकला हिरवा लोलक. लोक इतके लोटले, की सज्जाला जादा आधार द्यावा लागला असे सांगतात. पण हाइन्झच्या सज्जात चढलेल्याला लोणचे चाखायला मिळत होते. आपल्याकडची कापडी पिशवी मात्र कशाशीच जोडलेली नसते. कुटुंबे दुपारी तीनला पिशव्यांसाठीच येतात. आई पुढे, दोन मुले मागे. “पिशवी आहे का हो?” असेल तर घेतात, नसेल तर पेन, तेही नसेल तर चार कॅटलॉग. व्हॉल्व्हच्या कॅटलॉगचा कागद जाड असतो, वह्यांना कव्हर म्हणून उत्तम बसतो.

चौथ्या दिवशी दुपारपासूनच मंडळी यंत्राला बबल रॅप गुंडाळू लागतात. वेळेआधी आवरणाऱ्यांना दंड होईल अशी घोषणा ध्वनिक्षेपकावर चालू असते आणि तिच्या ठेक्यावर सेलोटेप फाटत असतो. पावणेसातशे कार्डे एका रबरबँडमध्ये बांधून ऑफिसात येतात. त्यांतली निम्मी स्टॉल लावणाऱ्या इतर कंपन्यांची, काही विमा एजंटांची आणि एक केटररचे.

पुढच्या आठवड्यात टेलिकॉलर एकेक नंबर फिरवू लागते.

“सर, तुम्ही प्रदर्शनात आमच्या स्टॉलला व्हिजिट दिली होती.”

“कुठला स्टॉल?”

“सर, ए-चौदा. नऊवारीतल्या मुली होत्या.”

“सगळीकडेच होत्या.”

“आम्ही पिशवी दिली होती, सर. हिरवी.”

“हां, ती. तिचा बंद तुटला.” पलीकडे थोडा वेळ शांतता. “तुमच्याकडं ते मशीनखाली झोपून ऑइल बदलायचं दाखवत होते, ते काका आहेत का? त्यांना द्या फोन.”

“सर, ते वर्कशॉपला असतात. मी तुम्हाला सेल्सला जोडून देते.”

“नको. वर्कशॉपचाच नंबर द्या.”